मुष्टियुद्धाचा पडदा आणि मुष्टियोद्ध्याची पट्टी

(लोणंद येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



लोणंदच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा भाव सर्वांसमक्ष पुकारला जातो. शेतकरी ढिगाशेजारी उभा असतो आणि पुकारा ऐकत असतो. पण संध्याकाळी त्याच्या हाती जी पट्टी पडते तिच्यात हमाली, तोलाई, वाहतूक वजा झालेली असते. तोच कांदा पुढे मुंबईत किंवा परदेशात काय भावाने गेला, हे तर त्या पट्टीवर कोठेच लिहिलेले नसते. माल सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि हिशेब मात्र डोळ्यांआड, अशी ही व्यवस्था आहे. मुष्टियुद्धाच्या इतिहासाकडे पाहताना ही पट्टी ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरेल.

समाजवादी कार्यकर्त्यांनी मुष्टियुद्धासारख्या विषयात वेळ का घालवावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या धंद्यात कामगाराचे शरीर हेच अवजार, तेच कच्चा माल आणि तेच विकाऊ उत्पादन असते, असा याच्याइतका उघड धंदा दुसरा नाही. अमेरिकेत या रिंगणात क्रमाने कोण उतरले ते पाहावे. आधी आयरिश स्थलांतरित, मग ज्यू आणि इटालियन, मग कृष्णवर्णीय, मग क्यूबा, पोर्टो रिको, मेक्सिको येथून आलेले. समाजाच्या तळाशी ज्या काळी जो होता, त्या काळी तो मुठी वळून उभा राहिला. ज्यांना दुसरे काही विकता आले ते हा धंदा सोडून गेले. म्हणून या खेळातील संस्मरणीय क्षणांचा इतिहास हा एका अर्थी श्रमाचाच इतिहास आहे, आणि त्या श्रमावर कॅमेऱ्याची नजर पडल्यानंतर काय झाले हा त्यातील सर्वांत उद्‌बोधक भाग आहे.

चित्रफीत आणि वर्णभेद

कॅमेरा रिंगणाशेजारी आला तो दूरचित्रवाणीच्या पुष्कळ आधी. २६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय योद्ध्याने टॉमी बर्न्स याचा पाडाव केला आणि हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद प्रथमच एका काळ्या माणसाकडे गेले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ही लढत थांबविली. चित्रीकरणही तेथेच थांबविण्यात आले. गोरा विजेता कोसळताना जगाला दिसू नये, हा त्यामागील हेतू लपून राहिला नाही.

पुढे ४ जुलै १९१० रोजी अमेरिकेतील रीनो येथे जॉन्सनने निवृत्तीतून मुद्दाम परत आणलेल्या जिम जेफ्रीजला पंधराव्या फेरीत पराभूत केले. त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या. त्यांत बळी पडलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते. या लढतीची चित्रफीत दाखविण्यास ठिकठिकाणी बंदी झाली, आणि १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदा केला. तो १९४० पर्यंत टिकला. कोणता क्षण संस्मरणीय ठरावा आणि कोणता पुसला जावा याचा निर्णय रिंगणातील माणसे करीत नाहीत, हा पहिला धडा येथे मिळतो.

रेडिओचे युग आणि जो लुईस

२ जुलै १९२१ रोजी जर्सी सिटीत जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांची लढत झाली. तिकीटविक्रीने प्रथमच दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि त्याच लढतीचे वर्णन रेडिओवरूनही प्रक्षेपित झाले. तरीही उत्पन्न मुख्यतः मैदानाच्या फाटकावरच गोळा होत होते. किती माणसे आली हे डोळ्यांना दिसत होते, आणि त्यामुळे योद्ध्याला आपल्या वाट्याचा अंदाज तरी बांधता येत होता.

या युगाचा कळस २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने १९३६ मध्ये जो लुईसला हरविले होते आणि नाझी प्रचारयंत्रणेने त्या विजयाचा वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून उपयोग केला होता. परतीच्या लढतीत लुईसने त्याला पहिल्याच फेरीत, अवघ्या १२४ सेकंदांत संपविले. कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून बसले होते. येथे श्मेलिंगलाही न्याय दिला पाहिजे. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत आश्रय दिला होता.

कापूस पिकविणाऱ्या कुटुंबात जन्मलेला लुईस त्या रात्री अमेरिकेचा राष्ट्रवीर झाला. १९४२ मध्ये त्याने दोन लढतींची आपली मिळकत नौदल आणि भूदल यांच्या साहाय्यनिधींना देऊन टाकली. तथापि युद्ध संपल्यावर कराच्या थकबाकीने त्याला असे गाठले की, उतरत्या वयात त्याला पुन्हा रिंगणात उतरावे लागले, आणि आयुष्याच्या अखेरीस तो लास व्हेगासच्या एका जुगारगृहात येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करीत होता. १९८१ मध्ये तो वारला. ज्या मनगटाने राष्ट्राची मान उंचावली, त्या मनगटाच्या म्हातारपणाची तरतूद राष्ट्राच्या हिशेबात नव्हती.

घराघरांतील रिंगण

१९ जून १९४६ रोजी लुईस आणि बिली कॉन यांची लढत दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. हेवीवेट जगज्जेतेपदाची दूरचित्रवाणीवर दिसलेली ही पहिली लढत होय. त्यानंतरची अठरा वर्षे हा मुष्टियुद्धाच्या प्रक्षेपणाचा सुवर्णकाळ म्हणून सांगितला जातो. दर शुक्रवारी रात्री दाढीची पाती बनविणाऱ्या जिलेट कंपनीच्या खर्चाने लढती दाखविल्या जात, आणि गुत्त्यांतून व दिवाणखान्यांतून त्या पाहिल्या जात.

यामागील अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. त्या काळचा पडदा लहान, चित्र धूसर आणि काळेपांढरे. फुटबॉलचे किंवा बेसबॉलचे मोठे मैदान त्यात मावेना. उलट मुष्टियुद्धाचे रिंगण लहान, प्रकाशाने उजळलेले आणि त्यात माणसे दोनच, त्यामुळे मोजक्या कॅमेऱ्यांत काम भागे. शिवाय तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. योद्ध्याला श्वास घेण्यासाठी ठेवलेले ते एक मिनिट जाहिरातीला अगदी बेतून दिल्यासारखे होते. एकाच्या विसाव्यातून दुसऱ्याने नफा काढावा याचे इतके चोख उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परिणाम काय झाला? घरबसल्या फुकट लढत दिसू लागल्यावर गावोगावच्या लहान क्लबांची तिकिटे कोण घेणार? ते क्लब एकामागून एक बंद पडले. आपल्याकडील तालमींप्रमाणे हेच क्लब नवशिक्याला घडवीत होते. तेथे त्याला बरोबरीचा जोड मिळे आणि बचाव शिकायला सवड मिळे. आता ती पायरीच निघाली. जाहिरातदाराला बचावपटू नको होता, धडाक्याने ठोसे मारणारा हवा होता. कच्ची पोरे पुरेशा तयारीविना प्रखर दिव्यांखाली उभी राहू लागली.

दुसऱ्या बाजूने मक्तेदारी वाढली. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब या कंपनीने विजेतेपदाच्या बहुतेक लढती आणि त्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क आपल्या मुठीत घेतले. विजेत्याला तिच्याशी करार केल्यावाचून लढताच येईना. अखेर १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडण्याचा आदेश कायम केला. व्यापारातील मक्तेदारीविरुद्धचा कायदा येथे उपयोगी पडला, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये.

ऊसतोड्या पोराचा मृत्यू

२४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेनी पॅरेट आणि एमिल ग्रिफिथ यांची लढत झाली. पॅरेट हा क्यूबाचा. लहानपणी तो उसाच्या फडात राबलेला होता. सातारा-सांगलीच्या साखरपट्ट्यात या ओळखीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आदल्याच डिसेंबरात एका लढतीत तो जबर मार खाऊन बेशुद्ध पडला होता. पुरेशी विश्रांती न मिळता तो साडेतीन महिन्यांत पुन्हा उभा करण्यात आला. बाराव्या फेरीत तो कोपऱ्यात दोरांना टेकला असता ग्रिफिथच्या ठोशांचा वर्षाव झाला. पंचाने थांबविले तेव्हा उशीर झाला होता. ३ एप्रिल रोजी पॅरेट मरण पावला.

हे सारे देशभर थेट दिसले. तेव्हा नव्याने वापरात येत असलेल्या मंदगतीच्या तंत्राने तो प्रसंग पुन्हा दाखविलाही गेला. लोक हादरले, चौकश्या झाल्या, आणि १९६४ मध्ये शुक्रवारच्या त्या लढतींचे प्रक्षेपण बंद पडले. तथापि प्रेक्षकसंख्या आधीच घसरू लागली होती. जाहिरातदाराच्या सद्‌सद्‌विवेकाबरोबर त्याची वहीही त्या वेळी उघडी होती, असे म्हणणे गैर होणार नाही.

वीस वर्षांनी तेच पुन्हा घडले. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या थेट प्रक्षेपित लढतीत चौदाव्या फेरीत कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम ड्यूक-कू काही दिवसांतच मरण पावला. थोड्याच महिन्यांत त्याच्या आईने आत्महत्या केली. यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणण्यास सुरुवात झाली. सुधारणा झाली, पण तिची किंमत आधी एका गरीब घराने मोजली. कारखान्यांतील सुरक्षिततेच्या कायद्यांचा इतिहासही याहून फारसा वेगळा नाही.

उपग्रह आणि मुहंमद अली

या साऱ्या इतिहासात मुहंमद अलीचे स्थान निराळे आहे, कारण कॅमेऱ्याचा उपयोग त्याने उलट दिशेने करून घेतला. १९६४ मध्ये सॉनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले, परवाने रद्द झाले, आणि उमेदीची साडेतीन वर्षे त्याला रिंगणाबाहेर काढावी लागली. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. ज्या शरीरावर व्यवस्था आपला हक्क सांगत होती, ते शरीर त्याने एका प्रश्नावर तिला नाकारले. हा क्षण कोणत्याही ठोशाहून मोठा आहे.

८ मार्च १९७१ रोजी अली आणि जो फ्रेझर यांची पहिली लढत झाली. प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलरची हमी होती. तोपर्यंत असा आकडा ऐकिवात नव्हता. ही लढत घरोघरी फुकट दाखविली गेली नाही. बंदिस्त प्रक्षेपणाने ती चित्रपटगृहांत तिकीट लावून दाखविली गेली. फाटक आता मैदानावरून हलून शेकडो शहरांत पसरले होते, आणि त्याची किल्ली हक्क विकत घेणाऱ्याकडे होती.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी झैरेची राजधानी किन्शासा येथे अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडले. दोरांना टेकून मार झेलत प्रतिस्पर्ध्याला थकविण्याची त्याची युक्ती आजही सांगितली जाते. परंतु त्या लढतीची वेळ पाहावी. पहाटे चारच्या सुमारास ती सुरू झाली, कारण तेव्हा अमेरिकेत प्रेक्षकांची संध्याकाळ होती. दोन्ही योद्ध्यांच्या मिळून एक कोटी डॉलरची जबाबदारी हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीने घेतली होती. त्याच वर्षी झैरेच्या निर्यातीचा कणा असलेल्या तांब्याचे भाव कोसळू लागले, आणि पुढच्या वर्षी त्या देशाला परदेशी कर्जाचे हप्ते फेडता येईनात. गरीब देशाच्या तिजोरीतून साजरा झालेला तो उत्सव होता.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ अली आणि फ्रेझर तिसऱ्यांदा भिडले. तेथे मार्कोसची लष्करी कायद्याची राजवट होती. लढत सकाळी पावणेअकराच्या सुमारास, प्रचंड उकाड्यात लावली गेली. कारण तेच, अमेरिकेतील रात्र. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरला दिसेनासे झाले होते. त्याच्या प्रशिक्षकाने, एडी फच याने, त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. या संपूर्ण इतिहासात शहाणपणाचा आणि माणुसकीचा एखादा निर्णय निवडायचा झाला, तर तो हा. पैसा, पडदा आणि दोन राष्ट्रे चालू ठेवा म्हणत असताना एका माणसाने पुरे म्हटले.

अलीचे पुढे काय झाले? ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सकडून तो वाईट रीतीने हरला. ठरलेल्या ऐंशी लाख डॉलरांपैकी दहा लाखांहून अधिक रक्कम त्याला कमी मिळाली. न्यायालयात गेलेले ते प्रकरण अखेर पन्नास हजार डॉलरांवर मिटविण्यात आले. जगातील सर्वांत प्रसिद्ध माणसाची ही पट्टी होती. १९८४ मध्ये त्याच्या कंपवाताच्या विकाराचे निदान झाले. २०१६ मध्ये तो वारला. दरम्यान धंदा वाढतच राहिला. २ मे २०१५ च्या मेवेदर आणि पॅक्वियाव यांच्या लढतीसाठी एकट्या अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी घरबसल्या पैसे भरले.

जे पडद्यावर दिसले नाही

आता आपल्या परिसराकडे वळू. लोणंदहून याच लोहमार्गाने पुढे गेल्यावर कराड लागते. त्याजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी नव्हती. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे जुनी माणसे सांगत. लोकांनी जे पाहिले नव्हते ते त्यांनी आपले मानले होते. शासनाची आठवण मात्र मंद होती. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी जाहीर झाला.

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे तर सैन्यातील मुष्टियोद्धेच. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग निकामी झाला. मुठींचा खेळ संपला, तेव्हा उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह त्यांनी सुवर्णपदक जिंकले. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, म्हणजे त्यानंतर दोन महिन्यांनी. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, आणि सर्वसामान्य प्रेक्षकाला त्यांचे नाव कळले ते बहुधा २०२४ मधील चित्रपटामुळे. जे चित्रित झाले नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय समाजाला लागली, की पेटकरांसारख्यांच्या वाट्याला अर्धशतकाचे मौन येते.

परंतु पडद्यावर दिसल्याने तरी प्रश्न सुटतो काय? पंजाबातील शेतकरी कुटुंबातले आणि सैन्यातले कौर सिंग यांनी जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत खुद्द अलीबरोबर प्रदर्शनीय लढत दिली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत त्यांनी हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले. रंगीत दूरचित्रवाणी देशात त्याच वर्षी आली होती. तरीही उतारवयात उपचारासाठी त्यांना खासगी कर्ज काढावे लागल्याच्या बातम्या २०१७ मध्ये आल्या, आणि तेव्हा कोठे मदतीची हालचाल झाली. २०२३ मध्ये ते निवर्तले. प्रसिद्धी आणि सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कॅमेरा देऊ शकतो, दुसरी केवळ संघटना आणि कायदा देऊ शकतात.

कार्यकर्त्यांपुढील काम

यात्रेच्या कुस्ती मैदानाचे चित्र येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. गावाची वर्गणी, यात्रा कमिटीने जाहीर केलेले इनाम, वस्तादांनी लावलेले जोड, आणि निकाली कुस्तीनंतर तेथेच हातावर मिळणारी रक्कम. या व्यवस्थेत हिशेब उघडा असतो, हे तिचे मोठेपण. पण तिचे गोडवे गाताना हेही पाहिले पाहिजे की, मान किंवा गुडघा मोडलेल्या पैलवानाचा पुढचा खुराक आणि औषधपाणी कोणाच्याच वहीत नसते. आता हीच मैदाने मोबाइलवर थेट दाखविली जातात, आणि त्यावर जाहिराती येतात. अमेरिकेत १९४६ मध्ये उभा राहिलेला प्रश्न आज आपल्या जत्रेत येऊन ठेपला आहे. चित्र पैलवानाचे, पैसा कोणाचा?

या प्रश्नाला हात घालण्यासाठी आधार नाहीत असे नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक केले. म्हणजे प्रेक्षकाचा हक्क कायद्याने मानला. खेळाडूचा हक्क मानणे तेवढे राहिले आहे. अमेरिकेने २००० मध्ये अलीच्याच नावाने केलेल्या कायद्यात, लढतीतून आयोजकाला किती मिळाले ते मुष्टियोद्ध्याला सांगणे आवश्यक ठरविले. तो कायदा परिपूर्ण नाही, पण पट्टीवर पूर्ण हिशेब लिहा, ही मागणी त्यात आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा जायबंदी व वृद्ध खेळाडूंच्या निधीत जावा. ज्या मैदानावर कॅमेरा आहे तेथे डॉक्टर आणि रुग्णवाहिका असलीच पाहिजे. इनाम जाहीर करणाऱ्याने विम्याचा हप्ताही भरावा. आणि प्रत्येक तालुक्यात विस्मृतीत गेलेले पैलवान, सैन्यातील मुष्टियोद्धे यांच्या नोंदी कार्यकर्त्यांनी स्वतः घराघरांत जाऊन कराव्यात. हे शेवटचे काम कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता उद्याच सुरू करता येईल.

हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी याच बाजाराकडे पाहावे. शेतकऱ्याच्या पट्टीतून पिढ्यान्‌पिढ्या कापली जाणारी अडत ही निसर्गनियमासारखी अटळ मानली जात होती. २०१६ मध्ये कांद्यावरची ती अडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदाराकडे वळविण्यात आली. वाद झाले, लिलाव बंद राहिले, पण नियम बदलला. पट्टीवरची एक ओळ बदलू शकते, तर दुसरीही बदलू शकेल.